चिऊचा घास

होळी झाली की आमच्या नागपूरकडे घरोघरी कूलर झाडायला निघतात. गच्चीवर नाहीतर खिडकीशी सात-आठ महिने निपचित पडलेला तो लोखंडी पेटारा उघडायचा, जुनं कुजलेलं गवत काढून टाकायचं, नवा वाळा भरायचा, पंप चालतो की नाही ते पाहायचं. आणि दरवर्षी गल्लीतल्या कुठल्या ना कुठल्या घरातून हाक ऐकू येते, "थांबा, थांबा! आत घरटं आहे." मग त्या घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, चार दिवस उकाडा सोसू. दुसरा म्हणतो, उचलून त्या लिंबाच्या फांदीवर ठेवून द्या, काय फरक पडतो?

फरक पडतो. चिमणी उघड्या फांदीवर संसार मांडणारी नाही. तिला पोकळी लागते. भिंतीतलं भोक, छपरातली फट, एखादी सांदीकोपऱ्यातली जागा, जिच्यात आत शिरता येईल आणि बाहेरच्याला सहज शिरता येणार नाही. फांदीवर नेऊन ठेवलेल्या त्या गवताच्या गोळ्याकडे चिमणी परत येईल याची आशा फार थोडी. कावळा मात्र नक्की येतो. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत चिऊताई दार लावून आत बसते आणि कावळा बाहेर ताटकळतो. ज्यानं कुणी ती गोष्ट पहिल्यांदा रचली त्याला पक्ष्यांची चांगली माहिती होती, असं मला वाटतं. घराला दार असणं हीच चिमणीची पहिली गरज आहे.

आज मला बोलायचं आहे ते या दाराच्या घराबद्दल. आपल्या परसात, आमच्याकडच्या बोलीत सांदवाडीत, एक लाकडी पेटी टांगली आणि चिमण्यांच्या जोडीनं तिच्यात पिल्लं वाढवली, तर त्या महिनाभरात आत काय चालतं? आपण काय करायचं, आणि काय अजिबात करायचं नाही?

आधी ही पेटीची गरज पडली कशी ते पाहू. मी बुटीबोरीचा. नागपूरहून वर्ध्याच्या रस्त्याला लागलं की तासाभराच्या आत हे गाव येतं. आता लोक त्याला कारखान्यांच्या वसाहतीमुळे ओळखतात. माझ्या लहानपणी इथली घरं कवेलूची होती. कवेलू आणि भिंतीच्या मधे हात जाईल एवढी फट असायची, आणि त्या फटींतून चिमण्यांची अख्खी वस्ती नांदायची. शिवाय आमच्या बैठकीत भिंतीवर काबाशरीफची एक मोठी तसबीर होती, वरच्या बाजूनं जरा पुढे कललेली. तिच्यामागे दरवर्षी एक जोडी यायची. खाली काड्यांचा सडा पडायचा. अम्मी दिवसातून तीनदा झाडू फिरवायची आणि बडबडायची, पण काड्या आणायला तिनं कधी बंदी केली नाही. शेजारच्या घरात हीच जागा राम-सीतेच्या फोटोमागे होती. झाडू आणि बडबड तिथंही तीच.

पुढे स्लॅब आला. सपाट, गुळगुळीत, फट म्हणून कुठे नाही. सरकत्या खिडक्या आल्या, त्यांना जाळ्या आल्या. फोटो भिंतीला घट्ट चिकटले. मग चिमणीनं मिळेल ती पोकळी धरली. कूलर, विजेच्या मीटरची पेटी, ट्यूबलाइटच्या पट्टीमागची जागा, आणि सर्वांत वाईट म्हणजे छताच्या पंख्याची वरची वाटी. एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडे पंखा बंद ठेवायचा म्हणजे काय, हे ज्यानं विदर्भाचा उन्हाळा काढला आहे त्यालाच कळेल. २०१३च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७ अंशांच्या पुढे गेला होता. तेव्हा पंख्यात घरटं झालं की एकतर माणसं भाजतात, नाहीतर चिमणी पात्यात सापडते.

घरासोबत शेतही बदललं. आमच्या भागात ज्वारी फार होती. खळ्यावर कणसं पडली की चिमण्यांचे थवे उतरायचे. ज्वारी मागे हटली, सोयाबीन आणि कपाशी पुढे आली. सोयाबीनचा दाणा चिमणीच्या चोचीच्या कामाचा नाही, आणि कपाशीचं तर बोलायलाच नको.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. चिमणी देशातून नाहीशी होत चालली आहे, असं आपण सारखं ऐकतो. २०२० साली 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' नावाचा अहवाल प्रसिद्ध झाला. पंधरा हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर तो आधारलेला होता. त्यात असं दिसलं, की पंचवीस-एक वर्षांचा हिशेब केला तर देशभरात चिमण्या साधारण टिकून आहेत. घट दिसली ती मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद अशा महानगरांत. मोबाइलच्या टॉवरमुळे चिमण्या मेल्या, असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्याला भक्कम पुरावा अजून मिळालेला नाही. तेव्हा आपण टांगलेली पेटी ही काही बुडत्या जातीला शेवटचा आधार नाही. पण ज्या गावाचं डोळ्यांदेखत शहर होतंय तिथं काय घडणार, हे त्या सहा महानगरांनी दाखवून दिलं आहे. बुटीबोरीसारख्या गावानं याचा विचार आजच केलेला बरा.

आपल्या महाराष्ट्रात पेट्यांचं हे काम लोकांपर्यंत नेलं ते नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी. त्यांच्या 'नेचर फॉरएव्हर सोसायटी'च्या पुढाकारानं २० मार्च २०१० रोजी पहिला जागतिक चिमणी दिवस साजरा झाला. तेव्हापासून दर मार्चमध्ये शाळांत, मंडळांत पेट्या वाटल्या जातात. भाषणं होतात, फोटो निघतात. चांगलंच आहे. पण वाटलेल्या पेट्यांपैकी कितीतरी रिकाम्याच लोंबत राहतात, कारण त्या माणसाच्या आवडीनं केलेल्या असतात. रंगवलेलं कौलारू छप्पर, पुढे बाल्कनी, दाराशी दांडी. चिमणीला यातलं काहीही नको असतं.

मी माझी पेटी करून घेतली ती एमआयडीसीतून भंगारात येणाऱ्या पॅकिंगच्या फळ्यांची. सुतार पोरगेलासा होता. त्यानं हौसेनं भोकाखाली एक दांडी ठोकली. मी म्हटलं, काढ ती. तो म्हणाला, "मंग चाचा, ते चिमनी बसन कुठं?" चिमणीला बसायला दांडी लागत नाही, ती भोकाच्या कडेलाच पकडून आत सरकते. दांडीचा उपयोग होतो तो कावळ्याला, आरामात बसून आत चोच घालायला. हे सांगितलं तेव्हा त्यानं दांडी उपटली, आणि वर स्वतःची एक सुधारणा सुचवली, की भोकाची आतली फळी रंधू नये, खरबरीत ठेवावी, म्हणजे पिल्लांना चढून वर यायला बरं. ही सूचना अगदी बरोबर होती.

बाकीची मापं अशी. तळ आतून साधारण सहा इंच लांब, सहा इंच रुंद. उंची नऊ-दहा इंच. भोक सव्वा इंचाचं, म्हणजे ३२ मिलिमीटरच्या आसपास, आणि तळापासून सहा इंच तरी वर, म्हणजे मांजराचा पंजा किंवा कावळ्याची चोच पिल्लांपर्यंत पोहोचत नाही. भोक दोन इंचांचं ठेवलंत तर साळुंकी ताबा घेईल. त्यात वाईट काही नाही, साळुंकीही पाहण्यासारखी आहे. मोठ्या पेटीत दयाळ येतो, कधी पिंगळाही येतो. ओळख पटेना तर मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षीकोश' हाताशी ठेवावा. पण चिमणी हवी असेल तर सव्वा इंच. तळाला पाणी निथळायला बारीक छिद्रं, वरच्या बाजूला हवा जायला दोन छिद्रं, आणि एक बाजू अशी की हंगाम संपल्यावर उघडून साफ करता यावी.

पेटी टांगायची जागा तर आमच्याकडे मापांपेक्षा महत्त्वाची. इंग्रजी पुस्तकांत थंडीपासून बचावाचे उपाय लिहिलेले असतात. आपला बचाव उन्हापासून आहे. पत्र्याची किंवा प्लॅस्टिकच्या डब्याची पेटी विदर्भात टांगू नये. दुपारी तिची भट्टी होते. लाकूड जाड हवं, तोंड उत्तरेला किंवा पूर्वेला हवं, वर सज्जाची नाहीतर झाडाची सावली हवी, आणि जमिनीपासून आठ-दहा फूट उंची. एकच न टांगता दोन-तीन जवळजवळ टांगाव्यात, चिमणीला शेजार लागतो. आणि हे सारं जानेवारीपर्यंत उरकावं. मार्चच्या कार्यक्रमात मिळालेली पेटी बहुधा त्या वर्षी रिकामी राहते ती यामुळेही, कारण तोवर जोड्यांनी आपापल्या जागा धरलेल्या असतात.

जाता जाता एक गंमत. अमेरिकेत चिमणी मूळची नाही. १८५०च्या सुमाराला ती न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये नेऊन सोडली, आणि ती देशभर पसरली. तिथले लोक 'ब्लूबर्ड' नावाच्या निळ्या पक्ष्यासाठी पेट्या लावतात आणि चिमणी येऊन त्याला हुसकावून लावते. त्यामुळे आपण चिमणी यावी म्हणून जे करतो, ती येऊ नये म्हणून तिथं तेवढीच खटपट चालते. आम्ही कवी मंडळींनी तिला इवलीशी, बिचारी म्हणून फार लाडावून ठेवलं आहे. पेटीसमोर आठ दिवस खुर्ची टाकून बसा, ते 'बिचारी' आपोआप गळून पडतं.

पेटी पहिल्यांदा पसंत करतो तो नर. गळ्यावर काळा पट्टा, आणि विणीच्या दिवसांत चोचही काळीभोर. तो भोकाशी बसून एकच स्वर लावून धरतो. चिव, चिव, चिव, तासन् तास. यात गाणं काही नाही, ही जागेची जाहिरात आहे. मादी येते, आत डोकावते, जाते, पुन्हा येते. पसंत पडलं की दोघं मिळून सामान आणू लागतात. गवत, सुतळीचे तुकडे, कापूस, कोंबडीची पिसं, कूलरमधला वाळासुद्धा. आपण आत काही भरून ठेवू नये, रिकामी पेटीच त्यांना बरी.

या सामानात कधीकधी कडुलिंबाचा हिरवा पालाही असतो. सेनगुप्ता नावाच्या अभ्यासकांनी १९८१ मध्ये यावर एक टिपण लिहिलं होतं. घरट्यातल्या पिसवा-गोचिडांसारख्या किड्यांना हा पाला दूर ठेवत असावा, असा त्यातला विचार. आपल्या आजीबाई धान्याच्या कोठीत लिंबाचा पाला घालायच्या, त्याचीच ही आवृत्ती म्हणायची. पुढे मेक्सिको शहरात असं आढळलं, की तिथल्या चिमण्या घरट्यात सिगारेटची थोटकं आणून ठेवतात, आणि थोटकं जास्त त्या घरट्यात किडे कमी. लिंब नाही मिळाला तर तंबाखू. पण त्या थोटकांतलं विष पिल्लांनाही बाधत असणार, तेव्हा आपला लिंबच बरा.

मग अंडी. रोज एक, अशी तीन ते पाच. पांढुरकी, तपकिरी ठिपक्यांची. अंडी उबवण्याचं काम मुख्यतः मादीचं. नर अधूनमधून बसतो, पण त्याच्या पोटाला मादीसारखा उघडा, ऊब देणारा भाग नसतो. अकरा ते चौदा दिवसांत पिल्लं बाहेर येतात. आणि इथं आपल्या उन्हाचा पुन्हा प्रश्न येतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये अंडी गार होण्यापेक्षा तापून जाण्याची भीती मोठी. पेटीच्या आत चाळिशीच्या वर पारा टिकून राहिला तर आतला जीव वाचत नाही. पेटीची सावली, लाकडाची जाडी, वरची हवेची छिद्रं यांवर एवढा वेळ घालवला तो म्हणून.

पिल्लू जन्मतं ते उघडं, आंधळं, दोन-अडीच ग्रॅमचं. चार-पाच दिवसांनी डोळे उघडतात, मग पिसांचे कोंब फुटतात, आणि दोन आठवड्यांत ते आपल्या जन्मीच्या वजनाच्या आठपट होऊन पेटीबाहेर पडतं. कूलरच्या भांडणाचं उत्तर याच हिशेबात आहे. आत नुसती अंडी असतील तर जवळजवळ चार आठवडे लागणार. उघडी पिल्लं असतील तर दोन आठवडे, आणि पिसं भरलेली असतील तर चार-सहा दिवस. एवढं कळलं की घरातल्या मंडळींना ठरवणं सोपं जातं. तिसऱ्या परिस्थितीत तर भांडणाचं कारणच उरत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. दोन आठवड्यांत आठपट वाढायला पिल्लू खातं काय? आपण सगळे लहानपणी एक घास चिऊचा, एक घास काऊचा असं म्हणत जेवलो. तो घास भाताचा असायचा. त्यामुळे चिमणी म्हणजे दाणे टिपणारी, हे आपल्या मनात पक्कं बसलं आहे. मोठ्या चिमणीपुरतं ते खरं आहे, आणि त्यामागे एक मोठा इतिहास आहे. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी घरचिमणीचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला. माणसानं शेती सुरू केली तेव्हा, दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी, चिमणीची एक शाखा त्याच्या धान्याच्या मागे आली. तिच्या कवटीच्या घडणीशी आणि पिष्टमय अन्न पचवण्याशी संबंधित जनुकांत बदल झाला. गंमत अशी, की तसाच बदल माणसाच्या संगतीला आलेल्या कुत्र्यातही झालेला आहे. म्हणजे आपली भाकरी पचवायला शिकलेला कुत्रा आणि आपला दाणा पचवायला शिकलेली चिमणी. याच चिमणीची एक रानटी भावकी मध्य आशियात आहे. ती माणसाच्या घराकडे फिरकत नाही, आणि तिच्यात हा बदल नाही.

पण पिल्लाचं तसं नाही. पहिल्या आठवड्यात तर त्याला जवळजवळ फक्त किडेच लागतात. मऊ अळ्या, मावा, लहान टोळ, कोळी. मांस बनायला, पिसं फुटायला प्रथिनं हवीत, ती भातात नाहीत. जी चिमणी जन्मभर दाणे खाऊन राहते तीच आई झाली की शिकारी होते. दर दोन-चार मिनिटांनी एक फेरी, पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत, मधे फक्त भर दुपारची थोडी उसंत. चोचीत काय आहे ते दुर्बिणीतून दिसतं. हिरवी अळी असते, कधी पंख फडफडणारा पतंग. परतताना चोचीत पांढरी पुडी असते, ती पिल्लाची विष्ठा. निसर्गानं ती पातळ पिशवीत बांधून दिलेली असते, म्हणून पेटी आतून स्वच्छ राहते.

इंग्लंडमध्ये लेस्टर शहराच्या परिसरात चिमण्या का घटल्या याचा कित्येक वर्षं अभ्यास झाला. ज्या पिल्लांना किड्यांऐवजी वनस्पतिजन्य खाणं जास्त मिळालं त्यांची वाढ खुंटलेली आढळली. त्यानंतर लंडनच्या उपनगरांत चिमण्यांना मुद्दाम अळ्या पुरवून पाहिल्या. पिल्लं जास्त जगली. पण एवढं करूनही मोठ्या चिमण्यांची संख्या काही वाढली नाही, हेही त्याच अभ्यासानं प्रामाणिकपणे सांगितलं. पिल्लू पेटीबाहेर पडल्यावर पुढे काय होतं हा निराळा प्रश्न आहे. पण पेटीच्या आतल्या पंधरवड्याचा प्रश्न घासाचाच आहे, आणि तो घास आपल्या परसात असावा लागतो. फरशी घातलेल्या, चार कुंड्या मांडलेल्या आवारात नुसती पेटी टांगणं म्हणजे घर द्यायचं आणि चूल द्यायची नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमधली गोष्ट सांगतो. आमच्या पेटीत चार पिल्लं होती, पाच-सहा दिवसांची. एका सकाळी नर दिसेनासा झाला. गल्लीवर शिक्रा फिरत असायचा, त्यानंच नेला असावा. एकटी मादी राबू लागली. चवळीच्या वेलावर, शेवग्यावर, कुंपणाच्या मेंदीत. अम्मीला हे बघवेना. ती आता ऐंशीच्या घरात आहे. म्हणाली, "अरे बेटा, उपाशी मरतील ती लेकरं. दुधात पाव भिजवून दे ना." दूध कुठल्याच पक्ष्याला पचत नाही, आणि पाव म्हणजे पुन्हा पोट भरणारं पण अंगी न लागणारं अन्न. शिवाय आपण वारंवार पेटी उघडली तर होती ती मादीही बिचकून दूर राहणार. हे तिला समजावणं जड गेलं. लेकरू उपाशी आहे आणि हात बांधून बसायचं, हे तिच्या वयाच्या बाईला पटणारं नव्हतं.

करण्यासारखं एकच होतं. शेजारच्यांच्या भाजीच्या वाफ्यावर मावा पडला होता आणि ते फवारणीचा पंप भरत होते. मी त्यांना जाऊन सांगितलं, दहा दिवस थांबा. त्यांनी कुंपणावरून पेटीकडे पाहिलं. मग म्हणाले, "दहा दिवस थांबतो भाऊ. अकराव्या दिवशी मारीन." चिमणीची मादी त्याच वाफ्यावर दिवसभर उतरत होती. माव्याची रांग ती चोचीनं अशी पुसून काढायची, की शेजारीही नंतर नंतर खुर्ची टाकून बघत बसायचे.

तिसऱ्या दिवशी पेटीजवळ नवा नर आला. सलीम अलींनी शाळकरी वयात लिहून ठेवलेली एक नोंद प्रसिद्ध आहे. भिंतीच्या भोकात अंड्यांवर बसलेल्या चिमणीचा नर त्यांनी बंदुकीनं टिपला, तर थोड्याच वेळात तिथं दुसरा हजर झाला. सात दिवसांत त्यांनी असे आठ नर मारले आणि दरवेळी नवा येत गेला. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दारात पाऊल ठेवण्याआधीचं हे त्यांचं पोरवय. पुढे १९३० मध्ये याच माणसानं किहीमला घराजवळच्या सुगरणीच्या वसाहतीसमोर महिनोन्‌महिने बसून, बंदूक न उचलता, एक नर अनेक माद्यांसाठी घरटी विणतो हे दाखवून दिलं. तर, नवा नर येणं यात नवल नाही. पण अशा नव्या नरानं आधीच्या नराची पिल्लं मारल्याचीही अभ्यासकांनी नोंद केलेली आहे. तो पेटीच्या भोकाशी बसला की आमच्या सगळ्यांच्या पोटात गोळा यायचा. मादी त्याच्या अंगावर धावून जायची, पिसं उपटायची. मग पुन्हा वाफ्याकडे. दोन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी तो पलीकडच्या पेटीवर जाऊन ओरडू लागला. दोन पेट्या टांगाव्यात असं मी म्हणतो त्याला हेही एक कारण.

चारांतली दोन पिल्लं गेली. मादीनंच ती चोचीत धरून बाहेर टाकली. उरलेली दोन सतराव्या दिवशी बाहेर पडली. अकराव्या दिवशी शेजाऱ्यांनी शब्दाप्रमाणे पंप काढला होता. वाफ्यावर फिरून आले आणि म्हणाले, "मारायला काही ठेवलंच नाही हिनं."

पिल्लं बाहेर पडण्याच्या दिवसांत हमखास एक प्रश्न येतो. पिल्लू खाली पडलं, काय करू? उघडं, पिसं न फुटलेलं असेल तर अलगद उचलून परत पेटीत ठेवावं. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, ही समजूत चुकीची आहे. आई त्याला वासानं ओळखत नाही, आणि महिनाभर राबून वाढवलेलं लेकरू ती असं सोडून देत नाही. पिसं भरलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू असेल तर ते पडलेलं नाही, निघालेलं आहे. त्याला घरात आणून बुट्टीखाली झाकू नये. फक्त मांजराला तासभर आवरावं आणि जवळच्या झुडपावर बसवून द्यावं. आई-बाप त्याला तिथं शोधतात. आठवडाभर ते तारेवर, कपड्यांच्या दोरीवर पंख थरथरवत तोंड उघडून बसतं आणि नर, असला तर, भरवत राहतो. मादी तोवर बहुधा पुढच्या अंड्यांच्या तयारीला लागलेली असते. एका हंगामात दोन, कधी तीन वेळा.

परसात काय लावावं हे विचाराल तर महागडं काही नाही. मेंदीचं कुंपण, शेवगा, चवळी किंवा वालाचा वेल, झेंडू, एखादा कोपरा तणाला सोडलेला. अंघोळीला कोरड्या मातीचा उघडा तुकडा, कारण चिमणी धुळीत अंघोळ करते. उथळ मातीच्या परळात पाणी, सावलीत, रोज बदललेलं. कणी-बाजरी टाकायची तर खुशाल टाकावी, मोठ्यांसाठी. छत्तीसगडात धानाच्या लोंब्यांची झालर विणून दारावर टांगतात. आमच्याकडे तसं ज्वारीचं कणीस सज्जाला बांधता येतं, मिळालं तर.

पाऊस ओसरून हंगाम संपला, म्हणजे साधारण दिवाळीच्या आधी, पेटी उतरवावी. आत कोणी नाही याची खात्री करून जुनं घरटं काढून टाकावं, नाकातोंडाला रुमाल बांधून, कारण त्यात बारीक किडे फार असतात. कढत पाणी ओतावं. औषध, फिनेल काही नको. दोन दिवस कडक उन्हात वाळवावी आणि परत त्याच खिळ्याला टांगावी. थंडी पडली की संध्याकाळी एखादी चिमणी आत झोपायला येते, पिसं फुगवून, एकटीच. आणि जानेवारीत एखाद्या सकाळी नर भोकाशी बसून एकच स्वर लावतो.